ओट्याची उंची

अकोला,
१६ नोव्हेंबर

चि. नीलम,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. तू आणि जावई गजेंद्र खुशाल असाल. इकडे थंडी सुरू झाली. माझी तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होते. फोनवर तू बोलायला लागलीस की मला नुसतं 'हो' म्हणता येतं, म्हणून हे कागदावर.

घराच्या किमतीत कोणी धरत नाही ते आधी लिहितो. फाटक माझ्या हातचं. त्याचं वेल्डिंग अजून एकदाही सुटलं नाही. गच्चीचा लोखंडी जिना माझा. दोन्ही कूलर, सगळी नळजोडणी, तुझं अभ्यासाचं टेबल, भांड्यांची मांडणी आणि स्वयंपाकाचा ओटा. आठवीनंतर मला कोणी शिकवलं नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतो, तिथे मिस्त्री मशीन उघडायचा तेव्हा बाजूला उभा राहून पाहायचो, आणि सुटीच्या दिवशी घरी करून पाहायचो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अकोल्यात राहणं परवडतं की अमरावतीत, हे तू विचारलं होतंस. दिवाळीत तुमच्याकडे आलो तेव्हा मी नुसता फिरत नव्हतो. तुमच्या गल्लीतलं दूध, दळण, भाजी, ऑटोचं भाडं, सगळं विचारत होतो. भाजीवालीला वाटलं मी दुकान टाकणार आहे. तुमच्याकडे भाजी थोडी महाग, पण ताजी. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो. तो खर्च तिथे नाही. कूलरही इथे लवकर लावावा लागतो आणि उशिरा निघतो. तू माझ्यासाठी पाहिलेल्या तुझ्या शेजारच्या फ्लॅटला दरमहा देखभालीचे पैसे आहेत, तेही मी धरले.

आकडे गजेंद्रला दाखवले होते. त्याने तुला सांगितलं की नाही, माहीत नाही. त्याने कागद वाचला, दुधाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मामाजी, तुमी एकलेच ना? मंग दूध लिटरभर कायले?"

मी म्हटलं, चहा जास्त होतो.

इथे येऊन पुन्हा पाहिलं तर सगळंच तसं निघालं. गहू, तेल, साबण, सगळं दोन माणसांचं, तुझी आई धरून. माझा हिशेब चुकत नाही, तुला माहीत आहे. हा दोन्ही शहरांचा सारखाच चुकला होता.

मग एका माणसाचा करून पाहिला. अमरावतीच स्वस्त पडते. दवाखाना जवळ, तू भिंतीपलीकडे. उन्हाळ्यात मला गच्चीवर भोवळ आली तेव्हापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही, हेही मला कळतं. म्हणून शेजारच्या शेषरावांना मीच बोलावलं. त्यांना मुलासाठी घर हवं आहे. म्हटलं, या, पाहून घ्या.

त्यांनी सगळं पाहिलं. फाटक दोनदा उघडून बंद केलं, तारीफ केली. स्वयंपाकघरात आल्यावर ओट्यावर हात ठेवला आणि हसले. "देवमनभाऊ, हा ओटा लहान पोरीसाठी बनोला का? हा तोडा लागीन. आमच्या सुनेची कंबर जाईन."

ते काही वाईट बोलले नाहीत. ओटा ठेंगणा आहेच. घर बांधताना गवंडी म्हणत होता, सगळ्यांकडे असतो तेवढा ठेवू. मी त्याला थांबवलं. तुझ्या आईला उभं केलं, समोर विटा रचल्या, त्यावर परात ठेवली आणि म्हटलं, मळ कणीक. तिचे खांदे वर चढले की एक थर काढायचा, पाठ वाकली की एक चढवायचा. ती म्हणाली, "लोक पाहून रायले, लवकर आटपा." कणीक अर्धी मळून झाली तेव्हा माप जमलं. त्या पोळ्या गवंड्यानेही खाल्ल्या.

ती गेल्यापासून त्या ओट्यावर मी स्वयंपाक करतो. मला बरंच वाकावं लागतं. पाठ दुखते, ते तुला सांगितलं नव्हतं.

पण नीलम, वाकलं की माझे डोळे तुझ्या आईच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. मागच्या महिन्यात कणीक मळताना सहज समोर पाहिलं. खिडकीच्या खालच्या दोन गजांमधून फाटकाची कडी दिसते. उभं राहिलं की दिसत नाही, जिन्याची पायरी आड येते. मी कामावरून यायचो तेव्हा कडीला हात लावण्याआधी चहाचं आधण चढलेलं असायचं. मला वाटायचं, तिचे कान तिखट आहेत. मी चिडवायचोही तिला त्यावरून. ती हसून कप पुढे करायची.

ती खिडकीही मीच बसवली होती. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं.

ओटा माझ्या उंचीचा करून घे, असं तू म्हणशील. ते काम मला एका दिवसाचं आहे.

शेजारच्या फ्लॅटच्या मालकाला महिनाअखेरपर्यंत निरोप द्यायचा आहे ना, मी येत नाही असा देऊन टाक. दुसऱ्या कोणाला देऊ दे. तू हे वाचून रडशील आणि मग फोन करशील. फोनवर मी 'हो' म्हणेन. ते धरू नकोस, हा कागद धर.

गजेंद्रला सांग, दूध आता अर्धा लिटर घेतो.

शेषरावांनी एकतीस लाख सांगितले होते, सगळे एकदम. मी नाही म्हटलं.

तुझा बाबा,
देवमन