पेरताना बोलत राहायचं

४ एप्रिल
पोचले बाई एकदाची! दोन विमानं, एक आगगाडी आणि शेवटी खताच्या पोत्यांवर बसून टेम्पोतले धक्के. छप्पनाव्या वर्षी परदेशात फुकट शेतमजुरी करायला निघाले म्हणून धाकटी बहीण मला वेड्यात काढत होती. इथली हवा खाल्ली असती तर तीच आधी पिशवी भरून आली असती. तीन महिने शेतात राबायचं, त्यांच्यात मिसळायचं, त्यांचं जगणं शिकायचं. खोली गोठ्याच्या वर आहे: खाट, टेबल, खिडकी, आणि पायाला दोन बोटं मोठे होणारे रबरी बूट. घरात मालकीणबाई, त्यांचे थकलेले यजमान, आणि माझ्यासारखेच मदतीला आलेले एक गृहस्थ. त्यांना मी दादा म्हणते. मोडकंतोडकं इंग्रजी त्यांनाच येतं, म्हणून दुभाषाही तेच.

६ एप्रिल
या घराची एक रीत आहे. पेरताना गप्प बसायचं नाही. प्रत्येक बी टाकताना आपल्या घरचं काहीतरी मातीला सांगायचं, कुठल्याही भाषेत. मुक्याने पेरलेलं उगवत नाही, असं मालकीणबाईंचं म्हणणं. आंधळा मागतो एक डोळा! मुळ्याच्या वाफ्यात मी सकाळभर बडबडले.

आणि बोलता बोलता छकुलीवर आले. एकोणीस वर्षं झाली, नऊ वर्षांची लेक तापाने गेली. यांच्यासमोर तिचा विषय काढायची सोय नव्हती, आणि हे गेल्यावर ऐकायला कोणी उरलं नाही. इथे मराठी कोणाला कळतंय? हलणारा दात तिने चुकून गिळला आणि पोटात दातांचं झाड येणार म्हणून दिवसभर रडली, ते सांगितलं. सांगताना हसले, मग पोटभर रडले. फार बरं वाटलं.

१५ एप्रिल
छान झोप लागते. छातीवरचं ओझं कुठे गेलं कळत नाही, सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. आज तिच्या वेण्या, तिची कट्टी, दवाखान्यातला शेवटचा दिवस, सगळं वाफ्याला सांगून टाकलं.

दादांना विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, पलीकडच्या शेतात सांगून झालंय सगळं, आता काही उरलं नाही. मला वाटलं, थट्टा करतायत.

२ मे
पहिले मुळे काढले. जेवताना मालकीणबाईंनी एक चावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एका मुलीने म्हणे दात गिळला, आणि पोटात दातांचं झाड येणार म्हणून रडत बसली! दादांनी अर्थ सांगितला. सगळ्यांत जास्त मीच हसले. विचारलं, कोणाची हो ही गोड पोर?
सगळे ताटात बघू लागले.

३ मे
मागची पानं वाचली. ६ एप्रिल. अक्षर माझंच आहे.
माझी पाचावर धारण बसली. वाचते, पण त्यातलं काहीच आठवत नाही. शेजारच्या घरातली बातमी वाचावी तसं.

मालकीणबाईंना जाब विचारला. त्यांनी माझे हात हातात घेतले. त्यांना मूलबाळ झालं नाही, असं दादांनी सांगितलं. त्या विचारत होत्या, तुझं दुःख तर गेलं ना?
गेलं. पण माझं होतं ते. मला परत हवंय.

५ मे
बहिणीला फोन केला. येतेय ती. टेम्पो सोमवारी.
वाफा उकरला. अकरा मुळे मातीसकट खाल्ले. नुसता तिखटपणा. ज्याचं होतं त्याला काही मिळत नाही वाटतं. आणि हात मातीत गेले तसं तोंड आपोआप सुरू झालं — तिचे डोळे, तिचा आवाज — थांबवता येईना —

६ मे
पाकिटात एक फोटो आहे. दोन वेण्या. मागे लिहिलंय, छकुली, चौथीत.
गोड आहे. कोण ही?
देवा, असं कसं लिहिलं मी?

७ मे
तोंडावर ओढणी बांधलीय. एक गोष्ट अजून माझ्याकडे आहे. छकुली ही हाक झाली. तिचं खरं नाव, शाळेच्या पटावरचं, ते मी मातीला सांगितलेलं नाही.

मालकीणबाई सकाळपासून खिडकीखाली उभ्या आहेत. ओंजळीत बी. दादा वर येऊन सांगून गेले — त्या विचारतायत, मुलीला नावाने हाक मारायची तर काय मारू?

नाही सांगणार. आईने पोरीचं नावही देऊन टाकायचं?

८ मे
ओढणी सुटलेली. नखांत माती. कधी गेले खाली?
इथे लिहून ठेवते. कागदावरचं कोणी खाणार नाही. बहीण येईल, वाचून दाखवेल.
माझ्या मुलीचं नाव —
थांब. आत्ता ओठांवर होतं.
तिचं नाव