व्हॅन पास आहे

३ जानेवारी
संकल्प : हवेविषयी अधिक जागरूक राहायचं. धंदाच आहे आपला, गाड्यांचा धूर तपासून सर्टिफिकेट द्यायचा. लेकीने वर्गात सांगितलं म्हणे, माझे बाबा हवा स्वच्छ ठेवतात. ऊर भरून आला.

५ जानेवारी
प्रचंड गर्दी. प्रत्येक गाडीला मशीनची नळी लावत बसलो तर झालंच कल्याण! माझी स्कूटर कोपऱ्यात चालू ठेवतो, नळी तिच्याच सायलेन्सरमध्ये. समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला की काम फत्ते. फसवाफसवी अजिबात नाही. आकडे खरेच असतात, फक्त स्कूटरचे.

९ जानेवारी
लेकीचा खोकला हटत नाही. ही म्हणते, शाळेच्या व्हॅनमध्ये धूर येतो. म्हटलं, धुरातलं मला शिकवू नकोस. आइस्क्रीमच असणार.

१४ जानेवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दम्याची सुरुवात आहे. पंप दिला. धुरापासून लांब ठेवा म्हणाल्या. मग मला विचारलं, आपण काय करता? म्हटलं, गाड्यांचं बघतो. हिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता वाचत बसलो.

१८ जानेवारी
शाळेच्या फाटकाशी व्हॅनवाल्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो हात जोडून म्हणाला, साहेब, पास तुम्हीच केलीत की, नळी तेव्हा तुमच्या स्कूटरला होती. बाकीचे पालक हसले. लेक हसली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ठणकावून सांगितलं, सर्टिफिकेट संपतंय ना, उद्या ये, खरी तपासणी करतो! आता माघार नाही.

१९ जानेवारी, सकाळी
व्हॅन आली, मुलांसकट. सगळ्यांसमोर नळी लावली. आकडा मर्यादेच्या चौपट. व्हॅनवाला गयावया करायला लागला : इंजिनचं काम निघेल, आठवडाभर गाडी बंद, मुलांना शाळेत कोण नेणार? मुद्दा बिनतोड. मुलांच्या शिक्षणाशी खेळणाऱ्यांतला मी नव्हे. तात्पुरती सोय म्हणून नळी काढून स्कूटरला लावली.

मान वर केली तर लेक दप्तर घेऊन खाली उतरलेली. विचारलं, कुठे? म्हणाली, मी चालत जाते. मी म्हटलं, अगं, व्हॅन पास झाली. ती तोंडावर रुमाल धरून निघाली, कोपऱ्यावर खोकत थांबली, पुन्हा चालायला लागली.

मागे जाणारच होतो. पण रांगेत चार गाड्या होत्या.