फोतिसचे बूट

मी, नाउम त्सिकास, वय त्रेसष्ट, राहणार पेत्रोवूनी, धंदा जोडे शिवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असंही लिहायची पद्धत आहे; पण मला भीती वाटते, आणि ती लपवली तर पुढचं काहीच लिहिता येणार नाही.

१. घर आणि परसातलं अक्रोडाचं झाड शेजारीण ग्लिकेरिया, फोतिसची आई, हिला द्यावं. का, ते कलम तीनमध्ये आहे. ते ऐकून तिने घराला काडी लावली तरी तिला कुणी अडवू नये.

२. आरी, रापी आणि ऐरण जो हे काम शिकेल त्याला. कॉफीवाल्या थोमासचा डावा जोडा तळ न लावता परत करावा. माझ्या मुलाला, झिसिसला, तो चारचौघांत डाकू म्हणाला, आणि जोडे मात्र माझ्याकडेच टाकत राहिला.

३. ऑगस्ट १९४९ मध्ये यादवीतली डोंगरावरची लढाई संपली, तेव्हा दोन प्रेतं माझ्या दुकानात आणून ठेवली, कारण दुकान रस्त्याला लागून. एक सरकारी शिपाई, दुसरा बंडखोर. एकाच सुरुंगाने दोघांचे चेहरे नेले होते. कोट दोघांच्याही अंगात लष्करीच. बंडखोराने तो कुणाचातरी काढून घेतलेला. फरक पायांत होता. शिपायाला जाड तळाचे नवे बूट. बंडखोराच्या पायांना डुकराचं कातडं सुतळीने बांधलेलं, आत चिंध्या. कातडं सोडलं आणि पाय ओळखला. माझा झिसिस. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, आणि पायात ही दशा! दोघांच्याही टाचांवर फोड मात्र सारखेच होते.

बाहेरून कॅप्टन ओरडला, "म्हातारबा, बूटवाला आपला फोतिस. त्याला पाद्रीबाबांकडे दे. दुसऱ्याला टाक ओढ्यात!"

मी दार लावलं आणि बूट बदलले.

माझा मुलगा फोतिसच्या नावाच्या क्रुसाखाली गेला. तीन वर्षं ग्लिकेरिया त्याच्यावर दिवा लावते आहे. एकदा तिने मलाच विचारलं, "नाउमभाऊ, तुमच्या झिसिसला कुठे पुरलं असेल हो?" मी म्हणालो, "देव जाणे."

४. आमच्याकडे तीन वर्षांनी कबर उघडून आईने हाडं वाइनने धुवायची रीत आहे; येत्या शनिवारी फोतिसच्या नावाची कबर उघडायची. झिसिस नऊ वर्षांचा असताना अक्रोडावरून पडला होता. उजवी नडगी वाकडी जुळली. तेव्हा पायाला कामट्या बांधल्या त्या ग्लिकेरियानेच. ती ओळखणारच. मग पोलीस मला कैद्यांच्या बेटावर धाडतील, ते सोसेन. पण ती माझ्याकडे वळून बघेल, त्याला मी फार भितो. तोवर मी जगलो नाही, तर तिला सांगावं: फोतिस पुलाखाली, जंगली पेअरच्या झाडाच्या मुळाशी आहे. ओढ्यात टाकला नाही. डोकं पश्चिमेला, तोंड पूर्वेकडे, रीतसर पुरला आहे.

५. रविवारी जोडलेलं. काल कबर उघडली. दोन पोलीस भिंतीशी उभे होते. ग्लिकेरिया एकेक हाड धुवत होती. नडगीवर तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "माझा फोतिस," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, नडगी पुन्हा धुतली आणि पांढऱ्या कापडात ठेवली.

आज ती दारात आली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी हे सगळं वाचून दाखवलं.

"घर नको मला तुझं," ती म्हणाली. आजवर तिने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "साक्षीदाराला वारसा मिळत नाही ना?"

"नाही मिळत."

"मग आण तो कागद इकडे. आणि उद्या कुदळ घे. वाइन मी आणते."

पुलावर अजून लष्कराची चौकी आहे. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे मला."

तेव्हा कलम एक रद्द. घर चर्चला द्यावं. आम्ही परतलो नाही, तर पुलाखाली कुणीतरी जावं.

पेत्रोवूनी, २१ सप्टेंबर १९५२
नाउम त्सिकास

साक्षीदार:
पाद्री सेराफिम (आत काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही, असं लिही म्हणाले)
ग्लिकेरिया, फोतिसची आई: डाव्या हाताचा अंगठा