तिच्यासाठी पेटवलेली चूल

मी, भंवरीबाई भ्रतार कै. भिकमचंद छाजेड, वय वर्षे एक्कावन, धंदा पिठाची गिरणी, राहणार पाचोरा, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शिक्षण मराठी तिसरी, सोनगीरच्या शाळेत. अर्जनवीस जीवराम यांनी आधी मसुदा करून दिला होता. त्यात ‘सदरहू’ नऊ वेळा होतं आणि माझ्या मुलीचं नाव एकदाही नव्हतं. तो त्यांना परत दिला. माझं डोकं ठिकाणावर आहे. रक्तदाब आहे, डॉक्टर म्हणतात जिने चढू नका, पण रक्तदाबाने अक्कल जात नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. कोणी गोड बोलूनही लिहून घेत नाही, कारण माझ्याशी गोड बोलणारं कोणी उरलेलं नाही. जे आहे ते माझ्या राजीखुषीने.

कलम १. वारस. मला एकच मुलगी, सुनंदा. तिने सन १९६६ साली शिंदखेड्याला जैन दीक्षा घेतली. आता तिचं नाव साध्वी सुव्रताजी. लोक महासतीजी म्हणतात, मीही म्हणते, जीभ अडखळते ती गोष्ट वेगळी. दीक्षेच्या आधी तिने माझ्या आणि तिच्या बापाच्या मिळकतीवरचा हक्क लिहून सोडला. तो कागद लोखंडी पेटीत आहे. साध्वीला पैसा चालत नाही, घर चालत नाही, कोणाकडून मागून आणलेली सुईसुद्धा दिवस मावळायच्या आत परत करावी लागते. म्हणजे जिला सगळं द्यायचं तिला काहीच देता येत नाही. तिला फक्त एक गोष्ट चालते. दाराशी आली तर पात्रात घातलेला घास. माझ्या घरातला एक घास तिच्या पात्रात पडावा एवढ्यासाठीच हा सगळा कागद आहे. बाकीची कलमं कायद्यासाठी.

कलम २. पोस्टातली शिल्लक. माझ्या क्रियेचा खर्च भागवून जे राहील ते पांजरापोळला द्यावं. माझ्या नावाची फरशी बसवू नये.

कलम ३. गिरणी. इंजिन, पट्टा, दोन्ही जाती, वजनकाटा आणि गाळ्याचा भाडेहक्क सुकदेव याला. सतरा वर्षं तो माझ्याकडे आहे. उलट बोलतो, पण जात्याला टाकी त्याच्यासारखी कोणी घालत नाही. अट अशी की आलेलं धान्य चाळून, किडे काढून मगच जात्यात टाकावं, आणि दिवेलागणीनंतर गिरणी चालवू नये. हे सुनंदाने मला लावलेलं वळण आहे. सोळा वर्षांची होती तेव्हा एक एक टोका बाजूला काढत बसायची आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. मी ओरडायची, “अगं, किड्याची दया येते, आईची येत नाही का.” ती म्हणायची, “बाई, तुम्ही चाळा ना माझ्याबरोबर, लवकर होईल.” मला बाई म्हणायची ती. आमच्यात आईला तसंच म्हणतात.

कलम ४. सोन्याच्या बांगड्या चार. या सुनंदाच्या लग्नासाठी केल्या होत्या. धुळ्याचं कापडवाल्यांचं स्थळ ठरत आलं होतं. तेव्हा ती अठरा वर्षांची. एक दिवस गिरणीत येऊन म्हणाली, “मला संसार करायचा नाही. मला दीक्षेची आज्ञा द्या.” आमच्यात घरच्यांनी आज्ञापत्रावर सही केल्याशिवाय दीक्षा देत नाहीत. बाप नाही, म्हणजे सही माझी. मी तीन वर्षं दिली नाही. खोटं कशाला लिहू, मुलगी उपाशी राहील, त्रास होईल, असलं काही माझ्या मनात नव्हतं. मला राग होता तो एवढाच की तिला माझ्यापेक्षा काहीतरी जास्त आवडतं.

माझी धाकटी जाऊ कुसुमलता तेव्हा समजूत घालायला आली. “जिजी, मुलगी भगवंताच्या घरी दिली असं समजा.”

मी म्हटलं, “तुला चार आहेत. त्यातलं एक दे, मग मला समजाव.”

ती उठून गेली. सहा महिने बोलली नाही. तेवढंच बरं वाटलं.

सुनंदाने रुसवा धरला नाही. आज्ञा मिळेपर्यंत साखर आणि तूप सोडलं, तेही मला न सांगता. ती कोरडी भाकरी खाते हे मला दीड महिन्याने कळलं. मी विचारलं, “मला हरवायचं आहे का?” ती म्हणाली, “नाही बाई. तुम्ही कधीच हो म्हटलं नाही तर मी इथेच राहीन. गिरणी बघेन, तुमचे पाय चेपेन. पळून जाणार नाही. पण मन दुसरीकडे लागणार नाही, ते माझ्या हातात नाही.” रडली असती तर मी आणखी दहा वर्षं नाही म्हटलं असतं. तिने रडून मागितलं नाही, म्हणून मी हात टेकले. सही केली.

शिंदखेड्याला मांडवात मोठ्या महासतींनी सगळ्यांसमोर विचारलं, कोणाचा दबाव आहे का, कोणी फूस लावली का. ही म्हणाली, “कोणाचा नाही. मला हवं आहे.” आणि हसली. एकवीस वर्षांत माझ्यासाठी ती तशी कधी हसली नव्हती. त्या दिवसापासून मी भगवंतावर जळते. पाप लागत असेल तर लागो, लिहून ठेवलं आहे.

बांगड्या तेव्हा तिने हातातून काढून माझ्या ओटीत टाकल्या. त्या कुसुमलताच्या मोठ्या सुनेला द्याव्यात. कुसुमलताला नाही. दीक्षेच्या वरघोड्यात, म्हणजे मिरवणुकीत, मुलीशेजारी बग्गीत आईने बसायचं असतं. विधवा म्हणून मला बसवलं नाही, कुसुमलता बसली. जरीची साडी नेसून, माझ्या मुलीच्या अंगाला अंग लावून. मी मागून धुळीत चालले. सोन्याच्या बाबतीत तिला तेवढंच पुरे.

कलम ५. खापर आणि ते टेकवायचं लोखंडी कडं. हे मांडे करायचं खापर माझ्या आईचं, सोनगीरहून आणलेलं. या खापराने माझं नुकसान केलं. ते कसं, ते लिहिते, कारण पुढचं कलम त्यावाचून कळणार नाही.

दीक्षेनंतर साडेपाच वर्षांनी, या संक्रांतीच्या आधी, महासतीजी पाचोऱ्याला आल्या. चार साध्वी, आमच्या धर्मस्थानकात उतरल्या. मी दर्शनाला गेले. सगळ्या बायकांना त्या म्हणाल्या, “दया पाळा.” मलाही म्हणाल्या, “दया पाळा.” तोच आवाज, तेवढाच वेळ. तोंडावर मुहपत्ती असते, ओठ दिसत नाहीत. मोठ्या महासतींचे पाय दुखत होते, त्यांची पात्रं आमच्या मुलीच्या हातात. माझी पाण्याची घागर तिने इतकी सांभाळून कधी आणली नव्हती.

साध्वी आज कोणाकडे गोचरीला, म्हणजे घास मागायला, जाणार हे सांगत नाहीत. पण तिसऱ्या दिवशी त्या आमच्या आळीकडे येतील असा माझा अंदाज होता. मी पहाटे उठून पुरण शिजवलं, खापर तापवलं, सात मांडे केले. लहानपणी ती हातभर लांब मांडा उभ्याने खायची. इथे माझी चूक झाली. जैन घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की साध्वीसाठी म्हणून केलेलं अन्न साध्वीला चालत नाही. घरच्यांनी स्वतःसाठी केलेलं असावं, त्यातलं थोडं त्यांनी घ्यावं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मला वाटलं, आईला कोण विचारतं.

दोघी आल्या. माझी उंबऱ्याशी उभी राहिली, दुसरी जरा मागे. दुरडीतल्या मांड्यांकडे बघून तिने विचारलं, “घरात माणसं किती?”

“एक.”

“आणि हे किती?”

“सात. मलाच खायचे होते,” मी म्हटलं. “मन झालं.”

“तुम्हांला पुरण सोसत नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी पोट धरून बसता.”

मी म्हटलं, “एवढं लक्षात आहे ना, मग घे.”

तिने पात्रावर झाकण ठेवलं. “दया पाळा,” म्हणाली आणि दोघी पायऱ्या उतरल्या. दुसऱ्या साध्वीने मागे वळून पाहिलं. हिने नाही.

तिथून त्या कुसुमलताकडे गेल्या. दोन्ही घरांत एकच भिंत आहे, सगळं ऐकू येतं. कुसुमलता म्हणाली, “पधारो, महासतीजी, सगळे जेवायलाच बसलेत.” बाजरीची दीड भाकरी आणि मेथीची भाजी घेतली. वरणही घेतलं. तिच्या घरात अकरा तोंडं, सकाळपासून चूल विझतच नाही, कोणी विचारायची गरज काय. माझ्या घरी मी एकटी. दुसरी भाकरी थापली की ती तिच्यासाठीच झाली. पुढचे चार दिवस मी मुद्दाम एकच भाकरी केली आणि दार उघडं ठेवून बसले. ती आलीही नाही, आणि आली असती तरी ती भाकरी मनातून तिच्यासाठीच थापलेली होती.

सुकदेवने मला शहाणपण सांगितलं. “बाई, बठ्ठं गाव तुमनीच गिरणीनं पीठ खास. मंग पोरनी तुमनंच खादं ना?” मी म्हटलं, “बाजरी कुसुमलताची, दळणाचे पैसे तिने दिले. त्यात माझं काय?” दळणाऱ्या बाईला आई समजायचं असेल तर गावभर माझी लेकरं झाली.

सोमवारी साध्वींनी जळगावकडे विहार केला. परत दोन वर्षांनी येतील, पाच वर्षांनी येतील, सांगता येत नाही. मी असेन, नसेन.

सात मांड्यांतले पाच गाईला घातले. दोन मी खाल्ले. दुसऱ्या दिवशी पोट धरून बसले.

खापर आणि कडं कुसुमलताला द्यावं. तिला मांडे येत नाहीत, तिचे मांडे मधेच फाटतात, सगळ्या आळीला माहीत आहे. शिकून घ्यावं.

कलम ६. घर. हे मुख्य.

माझ्या हिश्शाचं घर, दोन खोल्या, ओसरी, मागची पडवी आणि न्हाणी. सन १९५५ मध्ये, माझे मालक वारल्यावर दोन वर्षांनी, दीर सुरेशचंद यांनी मधली भिंत घातली. म्हणाले, “भाभी, रोजची कटकट नको, तुमची चूल तुमच्या घरी.” गवंडी लावताना मला विचारलंसुद्धा नाही. सुनंदा दहा वर्षांची होती, भिंत वर जाताना पलीकडच्या भावंडांना हाका मारत होती. हे मी दिराला माफ केलेलं नाही. ते आता वारले, तरी नाही.

हे घर मी कोणाला द्यावं यावर गावाची मतं आहेत. संघाचे लोक येऊन गेले. म्हणाले स्थानकाला द्या, साध्वी उतरतील, तुमची मुलगीही उतरेल, तुमच्या छपराखाली झोपेल. ऐकायला गोड आहे. पण ज्याच्या घरात उतरायचं त्याच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हाही नियमच आहे. आणि संघाला दिलं की तिथे चूलच पेटणार नाही. नुसत्या भिंती देऊन काय करू? तिला झोपायला गावोगाव भिंती आहेत.

म्हणून हे घर मी कुसुमलताचा थोरला मुलगा प्रकाशचंद सुरेशचंद छाजेड यास कायमचं देते. ज्या बाईकडे माझ्या मुलीने दीड भाकरी घेतली तिच्याच पोराला माझं घर. पण ती भरल्या घराची भाकरी होती म्हणून घेतली. प्रकाशचंदला तीन मुलं आहेत, चौथं येतंय, धाकट्या भावाचं लग्न व्हायचं आहे. त्या घरात पन्नास वर्षं चूल विझणार नाही. तिथे तिला काही विचारावं लागणार नाही.

जीवराम अर्जनवीस म्हणाले, “बाई, मग अट घाला. साध्वी आल्या की गोचरी दिलीच पाहिजे, नाहीतर घर परत.”

मी म्हटलं, “अट घातली की ते तिच्यासाठी केलेलं झालं. झालं की नाही?”

ते म्हणाले, “कायद्यात तसं नाही.”

“माझ्या मुलीच्या कायद्यात आहे,” मी म्हटलं.

तेव्हा अट नाही. प्रकाशचंदने घर विकलं तरी माझी हरकत नाही. साध्वींना दारावरून परतवून लावलं तरी नाही. तिने बदल्यात काही न मागता, अट न घालता सगळं सोडलं. मला तितकं जमत नाही. मला दोन खोल्यांपुरतं जमवायचं आहे.

कलम ७. मरेपर्यंत थांबायला मला सवड नाही. म्हणून काल मीच पलीकडे गेले. कुसुमलता तांदूळ निवडत होती.

“भिंत पाडायची आहे,” मी म्हटलं.

“कोणती?”

“किती भिंती आहेत आपल्यात?”

“जिजी, तब्येत बरी आहे ना?”

“तब्येतीचं सोड. गवंडी बुधवारी येतो. चूल तुझीच राहू दे, माझी मी काढून टाकते. तुमच्यातच जेवेन.”

“माझ्या हातचं तिखट लागतं म्हणता.”

“लागतंच. कमी घाल.”

तिने सूप खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मी तिला कारण सांगितलं नाही. तिला वाटलं मी एकटेपणाला कंटाळले. वाटू द्या. या बाईवर मी आजही जळते, ते भिंतीबरोबर पडणार नाही. तिची चारही मुलं तिच्या ताटाशी जेवतात.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जीवराम यांनी करावी. माझ्या शेवटी महासतीजींना निरोप पाठवून बोलावू नये. त्यांचा विहार जिकडे चालला असेल तिकडे चालू द्यावा. मी सही देऊन सोडलेली मुलगी मरणाच्या निमित्ताने परत मागणार नाही.

हा कागद वाचल्यावर कुसुमलताला आणि प्रकाशचंदला सगळं कळेल. कळलं तरी त्यांनी त्यांचा स्वयंपाक त्यांच्या पोटासाठीच करावा, एक मूठ पीठ जास्त घेऊ नये. कधीतरी ती दाराशी येईल. तेव्हा जे घरात असेल ते वाढावं आणि माझं नाव घेऊ नये. नाव घेतलं की ती थांबेल, आणि थांबली की पात्र झाकेल.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, खाली सही करते.

स्थळ पाचोरा. दिनांक २३ जानेवारी १९७२, वार रविवार.

सही : भंवरीबाई भिकमचंद छाजेड

साक्षीदार. बाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही बाईंसमोर केली :

१. रुपचंद, किराणा दुकानदार, राहणार पाचोरा. (सही)

२. वच्छलाबाई, सुईण, राहणार पाचोरा. (डाव्या हाताचा अंगठा. निशाणी जीवराम अर्जनवीस यांनी ओळखली.)