ताईचा ताशी दर

१ जून, सोमवार
निश्चय केला. धाकट्याला मार्गावर आणायचं, पण रागावून नाही, आकड्यांनी. घरातली पहिली पदवीधर म्हणून एवढं मला करायलाच हवं. हा दिवसभर हेडफोन लावून गेम खेळतो, चाळीसेक लोक ते लाइव्ह बघतात, आणि याला तो काम म्हणतो. आमच्या टाइल्सच्या गोदामात डिस्पॅचची जागा रिकामी आहे. साहेबांना शब्द दिला, एक जुलैपासून भाऊ येईल. भावाला उद्या सांगेन.

२ जून
सांगितलं. हसला. शेवटी पैज ठरली: महिनाअखेर ज्याची ताशी कमाई जास्त, त्याचं खरं. मी जिंकले तर तो गोदामात. तो जिंकला तर ‘पुढे काय करणार आहेस?’ हा प्रश्न मी जन्मात विचारायचा नाही. दया आली बिचाऱ्याची. आई नगावर शिवणकाम करते. म्हणाली, बसलाच आहात तर माझाही तास काढा. सवड झाली की नक्की.

४ जून
मी: तासाला नव्वद. तो: अकरा. जिंकल्यातच जमा. उगाच बोट दाखवायला जागा नको म्हणून त्याच्या म्हणण्यावरून बसचा वेळही धरला.

९ जून
तो म्हणाला, साहेब शनिवारी ‘जरा येऊन जा’ म्हणतात ते कुठे गेलं? धरलं. आरशासमोरचा वेळ? तो नाही धरला, ते मी स्वतःसाठी करते. आई मशीनवरून म्हणाली, मग सुट्टीच्या दिवशी का गं पारोशी फिरतेस? धरलं. आता बावन्न. तरी त्याच्या चौपट आहे.

१४ जून, रविवार
रात्रभर विचार केला. एकट्या भावाला सुधारून काय होणार? बघणाऱ्या त्या चाळीस पोरांनाही कुणीतरी सांगायला हवं. संध्याकाळी केस विंचरले, चष्मा काढला आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहून लाइव्ह बोलले. म्हटलं, स्पर्धा जिंकणाऱ्या एका गेमरची कमाई सगळे सांगतात, हरलेल्या हजारांचे तास कोण मोजतं? बघणारे तीनशे झाले! कुणी पैसे पाठवले की घंटी वाजते. सारखी वाजत होती. तरुण पिढी सत्याची भुकेली आहे.

२१ जून, रविवार
आज तक्ता घेऊन बोलले. नऊशे जण! घंटी वाजेल तशी स्क्रीनवर एक हिरवी पट्टी भरत जाते. वर काहीतरी लिहिलेलं असतं, चष्म्याशिवाय दिसत नाही. पट्टी भरली की धाकटा हात जोडतो आणि म्हणतो, ताई, जरा चहा टाक ना. आज इतका गोड बोलला की लगेच उठले. मुद्दा तिसरा राहिलाच.

२८ जून, रविवार
आज पट्टी चार मिनिटांत भरली. पहिला मुद्दाही पुरा झाला नाही. लोकांना इतक्या लवकर पटतंय!

२९ जून
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या फोनवर मी. चष्मा होता, पट्टीवरचं वाचलं: ‘पट्टी भरली की ताई स्वयंपाकघरात जाईल.’ साहेब ओशाळून म्हणाले, कालचे शेवटचे शंभर माझे. तुझ्यावर राग नाही हो, पण मॅच रंगात आली होती.

३० जून
अंतिम हिशेब. मी: बावन्न. तो: एकशे दहा, त्यातले जवळजवळ सगळे मला उठवण्याचे. साहेबांना सांगितलं, भाऊ येत नाही. म्हणाले, बरं झालं, नाहीतर रविवारचं काय? धाकट्याने अर्धे पैसे माझ्या हातावर ठेवले. म्हणाला, ताई, हक्काचे आहेत तुझ्या. आईने विचारलं, माझा तास काढलास का? राहिलाच.

पैज म्हणजे पैज. जेवताना प्रश्न अगदी जिभेवर आला होता, पण तोंड घट्ट मिटून बसले. आईने कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. धाकटा दोनदा वाढून घेऊन मजेत जेवला. अख्खं जेवण मी गप्प, आणि कुणी एक पैसासुद्धा दिला नाही.