बंद घड्याळाची ओळ

मंगळवार, संध्याकाळ

शाळेची घंटा वाजवणाऱ्या आमच्या यंत्रात घड्याळ सुरू करून देणारा कोड आज छाटला. निम्मा झाला. एकाच ओळीवर अडलो. बॅटरी संपून घड्याळ मध्येच थांबलं होतं का, हे ती तपासते. शेजारच्या टेबलावरची सुनीता म्हणाली, "काढा की सर, बॅटरी कुठं संपतीय?"

"आणि संपली तर?"

"मग शिपाई हातानं वाजवतील की!"

हसलो. ओळ काढली. का काढली? कंटाळलो होतो, एवढंच.

घरी आलो तर दिवेलागण होऊनही आई संध्याकाळची गोळी न घेताच बसलेली. "अजून चारच वाजलेत की रे." भिंतीवरचं घड्याळ दुपारीच थांबलेलं.

आधी त्याचा सेल बदलला. मग लॅपटॉप उघडून कोडमधली ती ओळ परत घातली. उद्या सुनीता हसेल. हसू दे.