आधी आतली मशीन, मग बाहेरची

चिमे,

दुपारी कॉम्प्युटरने अपडेट मागितलं आणि मी सरळ रीस्टार्ट दाबलं. आत तुझी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तो कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर, चालू होती. "बाबा, आधी आतली नीट बंद करायची, मग बाहेरची," असं तू बजावलं होतंस. "आता तू मला शिकवणार?" म्हणून मीच हसलो होतो. आता ती उघडतच नाही, आणि तुझा सगळा प्रबंध तिच्यातच आहे.

तेव्हापासून कशालाही हात लावलेला नाही. तुला फोनवर सांगायला जीभ रेटेना. आईला तर वीज गेली होती असं चक्क खोटं सांगितलंय, ते मीच निस्तरेन.

समोरच्या बागेत बसलोय. रागावून का होईना, हाक मार.

बाबा